घरोघरी आमरी : जोपासना आणि फुलोरा

(बजाजनगर, छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि रहिवासी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



आताच आपण माझ्या हाती जो पुष्पगुच्छ दिलात, त्यात गुलाबाच्या बरोबरीने जांभळ्या रंगाच्या फुलांच्या दोन डहाळ्या आहेत. गेल्या काही वर्षांत असा पुष्पगुच्छ सत्कारसमारंभांतून सर्रास दिसतो. ही फुले डेंड्रोबियम नावाच्या ऑर्किडची आहेत. ऑर्किडला आपल्या भाषेत आमरी असे सुटसुटीत नाव आहे. उद्या सायंकाळी हा गुलाब मान टाकील. पण या जांभळ्या डहाळ्या पाण्यात ठेवल्यास आठवडाभर आणि कदाचित त्याहूनही अधिक टिकतील. ज्या झाडाचे फूल एवढे चिवट, ते झाड मात्र नाजूक, श्रीमंतांच्या काचघरातच जगणारे, असा आपला समज आहे. तो कितपत खरा आहे, हे आज पाहावयाचे आहे.

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नव्हे. साहित्य आणि इतिहास या विषयांवर माझे शिक्षण झाले आणि माहितीच्या कामात आयुष्य चालले आहे. त्यामुळे मी जे सांगणार आहे, ते थोडे वाचून, थोडे जाणकारांना विचारून आणि बरेचसे चुका करून शिकलेले आहे. माझे पहिले ऑर्किड एका समारंभात भेट मिळाले होते. फुलपाखरासारख्या पांढऱ्या फुलांचे ते रोप मी मोठ्या कौतुकाने घरी आणले, कुंडी लहान वाटली म्हणून उत्तम काळ्या मातीत लावले आणि रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागलो. महिनाभरात ते कुजून गेले. पुढे कळले की, मी त्याची हेळसांड केली नव्हती; ज्वारीच्या धाटाला जे मानवते ते मी त्याला देत होतो.

आमरी आणि बांडगूळ

आमरी जगते कशी, हे एकदा लक्षात आले की तिची जोपासना अवघड राहत नाही. भारतात ऑर्किडच्या सुमारे साडेबाराशे जाती आढळतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक झाडांच्या फांद्यांवर वाढतात. आंब्याच्या खोडावर असे हिरवे झुपके दिसले की, आपले शेतकरी त्यांना सरसकट बांडगूळ म्हणतात आणि कोयत्याने छाटून टाकतात. हा त्या झाडावर अन्याय आहे. खरे बांडगूळ आपली मुळे फांदीच्या आत घुसवते, तिचा रस शोषते आणि कालांतराने फांदी वाळवते. आमरी फांदीचा केवळ आधार घेते. तिची मुळे सालीवरून पसरतात आणि हवेत लोंबतात. पावसाचे पाणी, धुके, सालीच्या खाचेत साचलेला पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा एवढ्यावर तिचा निर्वाह चालतो. शास्त्रज्ञ अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात.

या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते. कोरडे असताना ते रुपेरी पांढरे दिसते आणि पाणी पडताच काही क्षणांत हिरवे होते. हे आवरण पाणी झटकन टिपून घेते. पण त्याला लगोलग वाराही लागतो. मातीत कोंडलेल्या मुळाला हवा मिळत नाही आणि ते कुजते. माझे पहिले रोप याच कारणाने गेले. बाजारातून आणलेली बहुतेक ऑर्किड घरोघरी तहानेने नव्हे, तर अतिपाण्याने मरतात, असे माझे निरीक्षण आहे.

ऊन आहे, ओल नाही

आता आपल्या हवामानाकडे वळू. सर्व ऑर्किडांना एकाच मापाने मोजता येत नाही. सिक्कीम, दार्जिलिंगच्या डोंगरांत वाढणारी सिंबिडियमसारखी रोपे थंड हवेची आहेत. ती येथे आणून हौस पुरवावयाची म्हणजे रोपाचे आणि आपले दोघांचेही हाल. याउलट, आग्नेय आशियाच्या सखल प्रदेशातून आलेली फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियमचे संकर, व्हँडा व तिचे संकर ही उष्णताप्रिय रोपे आहेत. दिवसा २५ ते ३२ अंश आणि रात्री १८ अंशांच्या आसपास तापमान त्यांना मानवते. वर्षातील निदान सात-आठ महिने एवढी ऊब आपल्याकडे फुकट मिळते. युरोपातील हौशी माणसाला याच उबेसाठी इंधन जाळावे लागते.

मग अडते कोठे? अडते ते हवेतील ओलाव्याशी. या रोपांना हवेत ५० ते ७० टक्के आर्द्रता हवी असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यातच बजाजनगरची घरे म्हणजे लहान भूखंडांवर एकाला एक लागून उभी राहिलेली पक्की घरे. वाळूजला १९८५ मध्ये दुचाकींचा मोठा कारखाना सुरू झाला आणि औद्योगिक वसाहतीबरोबर ही वस्ती वाढत गेली. येथे अंगण थोडे. जे काही आहे ते सिमेंटची गच्ची आणि लोखंडी जाळीचा सज्जा. मे महिन्यात त्या गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. तेथे हवेत लोंबणाऱ्या मुळांची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

यावरचे उपाय मात्र आपल्या घरातीलच आहेत. पसरट थाळ्यात विटांचे तुकडे व पाणी घालून त्यावर कुंडी अशी ठेवावी की तिचे बूड पाण्याला टेकणार नाही. कुंड्या सुट्या न ठेवता जवळजवळ ठेवाव्यात. एकीचा ओलावा दुसरीला मिळतो. पश्चिमेच्या बाजूस गोणपाट बांधून दुपारी ते ओले करावे. मराठवाड्यातील घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचा किंवा गवताच्या जाळीचा कूलर असतो. त्याचा थेट झोत टाळून, पण त्याची गार हवा पोहोचेल अशा कोपऱ्यात फॅलेनॉप्सिस ठेवल्यास उन्हाळा सुखाने निभावतो.

येथे एक बारकावा सांगावासा वाटतो. बहुतेक झाडे दिवसा पानांची रंध्रे उघडून हवा घेतात. फॅलेनॉप्सिस व व्हँडा यांसारखी रोपे, निवडुंगाप्रमाणेच, पाणी वाचविण्यासाठी ही रंध्रे प्रामुख्याने रात्री उघडतात. म्हणून उन्हाळ्यात सूर्यास्तानंतर कुंड्यांखालची फरशी भिजवून ठेवणे फार उपयोगी पडते. पानांवर व पानांच्या बेचक्यात मात्र रात्री पाणी राहू देऊ नये, गाभा कुजतो. झाडाला पाणी सकाळी आणि फरशीला पाणी सायंकाळी, हा नियम घरातील मुलेसुद्धा पाळू शकतात.

रोप, कुंडी आणि पाणी

नवख्याने प्रारंभ डेंड्रोबियमपासून करावा. उसाच्या कांड्यांसारखे त्याचे जाड दांडे पाणी व अन्न साठवून ठेवतात. त्यामुळे आपल्या हातून दोन-चार दिवस विसर पडला तरी ते सावरते. फॅलेनॉप्सिसला असा साठा नसतो, पण ते कमी उजेडात, घरातील खिडकीपाशी राहू शकते. व्हँडाला भरपूर उजेड आणि रोज पाणी लागते. ते अनुभवानंतर घ्यावे. रोप विकत घेताना फुलापेक्षा मुळे पाहावीत. टणक, पांढरी किंवा हिरवी मुळे चांगली. तपकिरी व बोटाने दाबली असता लिबलिबीत लागणारी मुळे वाईट.

कुंडी मातीची आणि बाजूने भोके असलेली असावी. तिच्यात माती घालावयाची नाही. लाकडी कोळसा, विटांचे किंवा फुटक्या कौलाचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे यांचे मिश्रण भरावे. कोकणात कोळसा व वीट पुरते. आपल्या कोरड्या हवेत सोडण थोडे अधिक घ्यावे. सोडणात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मग वापरावे. डेंड्रोबियमला मोठी कुंडी देण्याचा मोह टाळावा. ते अडचणीच्या कुंडीतच अधिक फुलते.

पाणी केव्हा द्यावे, हे घड्याळाला विचारू नये. मुळे रुपेरी झाली आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागली की, भोकांतून वाहून जाईपर्यंत पाणी द्यावे. मे महिन्यात डेंड्रोबियमला रोज पाणी लागते; पावसाळ्यात कित्येकदा आठवडाभर लागत नाही. पाण्याची टंचाई आपल्या पाचवीला पुजलेली असताना ही चैन कशाला, असा प्रश्न योग्यच आहे. माझ्याकडील बारा कुंड्यांना ऐन मे महिन्यातही दिवसाला अर्धी बादली पाणी पुरते. तेवढ्या पाण्यात हिरवळीचा चटईएवढा तुकडाही जगणार नाही.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याचा गुण महत्त्वाचा आहे. आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार मुळांवर पांढऱ्या थराने बसतात आणि मुळांची टोके जळतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर अधिकच खारट. ते फरशी धुण्यास वापरावे, ऑर्किडला घालू नये. जायकवाडीचे नळाचे पाणी त्या मानाने चालते. सर्वांत उत्तम पावसाचे. दहा चौरस मीटर गच्चीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे हजार लिटर पाणी होते. आपल्या भागात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दोन पिंपे भरून झाकून ठेवली तरी डझनभर कुंड्यांचे कित्येक महिन्यांचे काम भागते.

खताचे तंत्रही साधे आहे. आपले द्राक्ष बागायतदार वापरतात ते पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम या प्रमाणात, वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा द्यावे. कोरड्या मुळांवर खत घालू नये. आधी साधे पाणी द्यावे. महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी. शेणखताचा ढीग, चहाचा चोथा, तांदळाचे धुवण असे घरगुती प्रयोग या कुंडीत करू नयेत; मुंग्या आणि बुरशी यांखेरीज त्यातून काही निघत नाही.

फुलोरा का अडतो?

अनेकांची तक्रार असते की, रोप छान हिरवेगार आहे, पण तीन वर्षांत फूल नाही. माझेही डेंड्रोबियम असेच होते. कोणी सांगितले, फुले येण्याचे खत घाला, तेही घातले. रोप अधिक हिरवे झाले, एवढेच. शेवटी एका जाणकार गृहस्थांनी पानाचा रंग पाहून निदान केले. गर्द काळपट हिरवे पान म्हणजे उजेड अपुरा. पिवळट पान म्हणजे ऊन फार. पोपटीकडे झुकणारे हिरवे पान म्हणजे उजेड बरोबर. मी ते रोप जिन्याखालून काढून पूर्वेच्या बाजूस, निम्मे ऊन अडविणाऱ्या हिरव्या जाळीखाली टांगले. पुढच्या पावसाळ्यात नवे, जाड दांडे फुटले आणि दिवाळीच्या सुमारास त्यांतील एकाच्या शेंड्यातून कळ्यांची डहाळी बाहेर पडली.

तेव्हा डेंड्रोबियमसाठी पहिली अट उजेडाची आहे आणि दुसरी संयमाची. फूल परिपक्व दांड्यावर येते. पाने गळालेला जुना दांडा निरुपयोगी समजून कापू नये. तो नव्या दांड्याचा कोठार असतो, आणि कित्येकदा त्याच्यावरही पुन्हा फूल येते.

फॅलेनॉप्सिसचे गणित वेगळे आहे. त्याला फुलण्याचा इशारा थंडावा देतो. तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिले, तर ते पाने काढीत राहते, फुलाचा दांडा काढत नाही. काही आठवडे दिवसाचे तापमान २५ अंशांच्या आसपास आणि रात्रीचे १६ ते २० अंश राहिले की, पानाच्या बगलेतून दांडा डोकावतो. थंड प्रदेशात काचघर तापवून व निववून हे साधतात. मुंबईच्या दमट उकाड्यात ते कठीण जाते. आपल्याला मात्र ही देणगी निसर्गाने दिली आहे. दसरा-दिवाळी उलटली की, आपल्याकडील रात्री गार होऊ लागतात. दिवसा तापणाऱ्या गच्चीऐवजी उत्तरेकडील गार खोलीत, भरपूर उजेडाच्या खिडकीपाशी रोप ठेवावे आणि रात्री ती खिडकी उघडी ठेवावी. नोव्हेंबरचा महिना हा याचा हंगाम होय. डिसेंबर-जानेवारीत पारा १४ अंशांखाली उतरू लागला की, रात्री खिडकी लावून घ्यावी. कारण उष्णताप्रिय रोपाला कडाक्याची थंडी सोसत नाही. दांडा दिसल्यापासून फुले उमलावयास साधारणतः तीन महिने लागतात. म्हणजे नोव्हेंबरात आलेला दांडा फेब्रुवारीत फुलतो. हा इशारा उशिरा मिळाला, तर कळ्या उन्हाळ्याच्या तोंडावर सापडतात आणि उष्ण वाऱ्याने गळून जातात.

कळ्या गळण्याचे आणखी एक कारण आपल्या घरात असते, ते ऐकून आपणांस नवल वाटेल. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. याच वायूने आंब्याची आढी पिकते आणि याच वायूने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून झडतात. म्हणून ज्या खोलीत आंबे किंवा केळी पिकत असतील, तेथे कळ्यांवर आलेले रोप ठेवू नये. कळ्या आल्यावर कुंडीची जागा आणि दिशाही बदलू नये.

किडींपैकी कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण, तर पावसाळ्यात गोगलगायी त्रास देतात. थोडीच झाडे असल्यास साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पाने पुसणे पुरेसे असते. एका रोपाला लावलेली कात्री ज्योतीवर तापविल्याखेरीज दुसऱ्या रोपाला लावू नये. विषाणू याच वाटेने पसरतात.

प्रयोगशाळेने केलेले उपकार

मित्रहो, हे रोप आज कामगाराच्या घरी येऊ शकते, यामागे मोठा इतिहास आहे. ऑर्किडचे बी धुळीच्या कणासारखे असते. त्यात कोवळ्या रोपासाठी अन्नाचा साठा नसतो. जंगलात एका विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. हे रहस्य १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने उलगडले. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीशिवाय, साखर व क्षार घातलेल्या माध्यमावर, काचेच्या बाटलीत बी रुजवून दाखविले. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून एकाच रोपाची असंख्य रोपे तयार करण्याचा मार्ग खुला केला. त्यापूर्वी ऑर्किड हवे म्हणजे जंगल ओरबाडणे आले. ती निकड आता उरलेली नाही. भारतातही सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ पासून ऑर्किडसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र कार्यरत आहे.

असे असूनही रस्त्याच्या कडेला, सालीच्या तुकड्यांसह उपटलेले, मुळे तुटलेले झुपके विकावयास बसलेले लोक अधूनमधून दिसतात. ती रोपे आपण घेऊ नयेत. निळी व्हँडा, तांबडी व्हँडा आणि पादुकेच्या आकाराची ऑर्किड यांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ज्या करारात भारत १९७६ मध्ये सामील झाला, त्याच्या कक्षेत तर सर्वच ऑर्किड येतात.

बाभळीवरची रास्ना

आतापर्यंत मी परदेशी रोपांविषयी बोललो. पण उष्णतेची खरी लाडकी आमरी आपल्या बांधावर आहे. तिचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा. आपल्याकडे तिला रास्ना म्हणतात. ज्या व्हँडा कुलाची फुले जगभर मिरवतात, त्या कुलाचे नाव संस्कृतातील ‘वंदा’ या शब्दावरून पडले आहे. सिंगापूरने १९८१ मध्ये राष्ट्रीय फूल म्हणून जे निवडले, तेही व्हँडा याच नावाने प्रसिद्ध झालेले एक ऑर्किड होय. आपली रास्ना बाभूळ, आंबा, मोह अशा झाडांवर, कोरड्या पठारी प्रदेशातही वाढते. तिच्या पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकटीसारखी नक्षी असते, ओठ निळसर जांभळा असतो आणि तिला मंद सुगंध असतो. तिला कोणी जाळी बांधत नाही, कोणी पिंपातील पाणी घालत नाही. चाळीस अंशांच्या उन्हात, पानगळ झालेल्या बाभळीवर ती आपली मुळे सालीला घट्ट धरून पावसाची वाट पाहते.

काही वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका रस्त्यालगत जुनी बाभूळ तोडून आडवी पाडलेली मी पाहिली. लाकूड भरण्याचे काम चालू होते आणि फांद्यांवरचे रास्नेचे चार-पाच झुपके चाकांखाली चिरडत होते. काम करणाऱ्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांच्या लेखी ते बांडगूळ होते. शेतमालकाच्या संमतीने दोन झुपके मी सालीच्या तुकड्यांसह उचलले, सुतळीने घराजवळच्या कडुलिंबाला बांधले आणि पहिला उन्हाळा रोज पाणी शिंपडले. दुसऱ्या वर्षी मुळांनी कडुलिंबाची साल धरली. तिसऱ्या वर्षी, पहिल्या पावसाच्या सुमारास, त्यावर फुलांचा एक तुरा आला. विकत आणलेल्या कोणत्याही रोपाने मला तेवढा आनंद दिलेला नाही.

पण दोन झुपके वाचले आणि बाकीचे गेले, हेही विसरता येत नाही. रस्ते रुंद झाले पाहिजेत, कारखाने आले पाहिजेत, याविषयी दुमत नाही; या वस्तीचे पोटच त्यावर भरते. प्रश्न एवढाच की, झाड तोडण्याची परवानगी देताना त्या झाडावर आणखी कोण राहते, हे कोणी पाहते काय? रोपवाटिकेतील रोपाने नव्या झाडाची भरपाई होईल; पण रास्ना रुजावी अशी खडबडीत, जुनी साल तयार व्हावयास कित्येक वर्षे लागतात. औषधी म्हणून ती ओरबाडणारेही आहेत. आयुर्वेदातील रास्ना म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी अभ्यासकांतच मतभेद आहेत. निव्वळ नावावरून तिची मुळे उपटणे म्हणजे झाडही गमावणे आणि गुणाची खात्रीही नसणे.

आपण काय करू शकतो?

येथे ग्रामपंचायतीचे सदस्य उपस्थित आहेत, म्हणून त्यांना दोन विनंत्या करतो. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. त्या नोंदवहीत रास्ना असलेल्या झाडांची, ती कोणत्या बांधावर वा रस्त्यावर आहेत यासह, नोंद व्हावी. दुसरे असे की, रीतसर परवानगीने झाड तोडावेच लागले, तर तोडणीपूर्वी एक दिवस त्यावरील झुपके संबंधित खात्याला विचारून जवळच्या जुन्या झाडावर हलवावेत. पावसाळ्याचा आरंभ यास सर्वांत योग्य. या कामास सुतळी, शिडी आणि दोन माणसे लागतात. अंदाजपत्रक लागत नाही.

शिक्षकांना मी एक प्रयोग सुचवितो. वर्गात डेंड्रोबियमची एक कुंडी ठेवावी. विद्यार्थ्यांनी रोजचे कमाल व किमान तापमान, पाणी दिल्याचा दिवस, नवे पान, नवे मूळ यांची वहीत नोंद करावी. कोरडे मूळ ओले होताच रंग कसा बदलतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे. वर्षभराने ती वही उघडली की, आपल्या गावचे हवामान आणि एका झाडाचे जीवन यांचा संबंध त्यांना पुस्तकाविना समजेल. सुटीतील पाण्याची व्यवस्था मात्र आधी ठरवावी. मे महिन्याच्या सुटीत शाळेतील रोपे सर्वाधिक मरतात.

अधिकारी मित्रांना आणि तरुणांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. ऑर्किडची शेती करा आणि लक्षाधीश व्हा, अशा जाहिराती पाहावयास मिळतात. कोकणाच्या दमट हवेत जे परवडते, ते मराठवाड्याच्या कोरड्या हवेत परवडेलच असे नाही. येथे हरितगृह गार व दमट ठेवण्याचा खर्च जमेस धरावा लागतो. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी दहा कुंड्या दोन उन्हाळे जगवून पाहाव्यात. त्या जगल्या व फुलल्या, तर पुढचा हिशेब कृषी विभागाच्या तज्ज्ञांसमोर मांडावा. घरगुती हौसेला मात्र असा कोणताही अडसर नाही.

समारोपाला येतो. ऊन आपल्याकडे आहे, नोव्हेंबरच्या गार रात्री आपल्याकडे आहेत. आपणांस द्यावयाची आहे ती थोडी ओल, थोडी सावली आणि वर्ष-दोन वर्षांचा धीर. सायंकाळी पाळी संपवून घरी आलेल्या माणसाने गच्चीवरची फरशी भिजवावी, मुळांचा रंग पाहावा आणि कळी किती वाढली याची घरातील मुलांशी चर्चा करावी, यासाठी मोठी बाग लागत नाही. आणि आज घरी जाताना वाटेवरच्या जुन्या बाभळीकडे एकदा मान वर करून पाहावे, एवढी माझी विनंती आहे. तिच्या फांदीवर हिरवा झुपका दिसला, तर कोयता हाती घेण्यापूर्वी तो बांडगुळाचा आहे की रास्नेचा, हे ओळखून घ्यावे.